ताट फेकले, पण गेले कुठे?

एप्रिल उजाडला की आपल्या वस्त्यांत जेवणाच्या पंगती सुरू होतात. चौदा एप्रिलचे भोजनदान, मग बुद्ध पौर्णिमा, मधल्या काळात लग्ने, पुढे वर्षावासाचे कार्यक्रम, धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि सहा डिसेंबर. एका कार्यक्रमाला पाचशे माणसे जेवली असे धरू. प्रत्येकाला एक प्लेट, एक वाटी, एक ग्लास आणि एक चमचा. म्हणजे दोन हजार वस्तू. माणूस पंधरा मिनिटांत जेवून उठतो. त्या दोन हजार वस्तू मात्र कुठेतरी राहतातच, आणि बहुतेक वेळा त्या आपल्याच वस्तीत राहतात.

आरोग्याच्या पानावर हा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. कारण सरळ आहे. वस्तीत फिरताना आम्हाला जे आजार दिसतात, त्यातले तीन-चार या फेकलेल्या ताट-ग्लासांशी जोडलेले आहेत.

पहिला आजार लेप्टोचा. थर्माकोलची प्लेट वजनाला हलकी. वारा आला की उडते, पाऊस आला की तरंगते आणि गटाराच्या तोंडाशी जाऊन अडकते. तिच्यामागे चमचे, पिशव्या, खरकटे. खरकट्यावर उंदीर येतात. पहिल्या मोठ्या पावसात गटार तुंबते, पाणी गल्लीत आणि घरात शिरते, आणि उंदराच्या लघवीतले जंतू त्या पाण्यात मिसळतात. पायाला भेग असेल, जखम असेल, तर जंतू तिथून शरीरात जातात. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. एवढा पाऊस कोणत्याही गटाराला झेपला नसता हे खरे, पण प्लास्टिकने बुजलेल्या गटारांनी आणि नाल्यांनी पाणी उतरू दिले नाही, हेही सगळ्यांनी पाहिले. पाणी ओसरल्यावर ऑगस्टमध्ये लेप्टोची साथ आली. ताप, पोटऱ्या प्रचंड दुखणे, डोळे लाल होणे, ही लक्षणे दिसली तर घरी थांबू नका. साचलेल्या पाण्यातून चालून आला असाल तर ७२ तासांच्या आत जवळच्या आरोग्य केंद्रात जा. डॉक्टर प्रतिबंधक गोळी देतात. गर्भवती बाई आणि लहान मूल यांचे औषध वेगळे असते, म्हणून शेजारणीची गोळी घेऊ नका.

दुसरा डेंग्यू. याला गटारही लागत नाही. मंडपामागे पडलेल्या एका ग्लासात चार चमचे पावसाचे पाणी साचले तरी डेंग्यूच्या डासाला पुरते. त्याची मादी घाण पाण्यापेक्षा असे साधे, स्वच्छ पाणी पसंत करते. ती अंडी पाण्याच्या जरा वर, ग्लासाच्या आतल्या भिंतीला चिकटवते. ग्लास वाळला तरी अंडी मरत नाहीत. कित्येक महिने तशीच राहतात आणि पुन्हा पाणी मिळाले की फुटतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. म्हणून आम्ही आठवड्यातून एक दिवस पाणी साचणारी प्रत्येक वस्तू रिकामी करायला सांगतो. पिंप आणि कुंडी बाया न चुकता रिकामी करतात. विहाराच्या मागच्या बोळात पडलेले दोनशे ग्लास मात्र कोणाच्याच घरचे नसतात.

तिसरे म्हणजे धूर. कचऱ्याची गाडी आली नाही की कोणीतरी ढिगाला काडी लावते. थंडीत शेकोटीत प्लेटा टाकतात. चूल लवकर पेटावी म्हणून थर्माकोलचा तुकडा घालणाऱ्या घरातही आम्ही गेलो आहोत. थर्माकोल जळताना जो काळा, दाट धूर निघतो त्यात काजळी, कार्बन मोनॉक्साइड आणि स्टायरीन नावाचे रसायन असते. कचऱ्यात पीव्हीसीचे तुकडे असतील, आणि बॅनरच्या फाटक्या पट्ट्या बहुधा त्याच असतात, तर डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्येही तयार होतात. दमेकरी, तान्ही मुले आणि चुलीपुढे बसणारी बाई यांना हा धूर सगळ्यात आधी लागतो. मुंबईच्या देवनारला १९२७ पासून शहराचा कचरा टाकला जातो. जानेवारी २०१६ मध्ये तिथे आग लागली तेव्हा गोवंडी, शिवाजीनगर, बैंगनवाडी या भागांत कित्येक दिवस धूर होता, शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्या डोंगरात शहरभरच्या लग्नांच्या प्लेटा होत्या. धूर मात्र डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनी खाल्ला.

गरम भाजी आणि प्लास्टिक

आता ताटातल्या अन्नाकडे येऊ. थर्माकोल म्हणजे फुगवलेले पॉलिस्टायरीन. उकळत्या पाण्याइतकी उष्णता मिळाली की ते मऊ पडू लागते. गरम आणि तेलकट पदार्थात त्यातले स्टायरीन थोडे थोडे उतरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ मध्ये स्टायरीनला बहुधा कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या गटात टाकले. एका पंगतीत जेवल्याने कॅन्सर होतो असे याचा अर्थ काढू नका. उतरणारे प्रमाण थोडे असते. पण कटाची आमटी किंवा मटणाचा रस्सा अशा वाटीत वाढायचे काही कारणही नाही. पातळ पिशवीत गरम चहा किंवा सांबार बांधून आणण्याची सवय तर लगेच सोडावी. किटली न्या, डबा न्या.

कागदी कप म्हणजे प्लास्टिक नाही, असा एक मोठा गैरसमज आहे. कागदात चहा ठेवला तर कागद भिजून फाटेल. तो भिजत नाही, कारण आतून प्लास्टिकचा पातळ थर दिलेला असतो. खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी २०२० मध्ये तपासले तेव्हा अशा कपात १०० मिलिलिटर गरम पाणी पंधरा मिनिटे ठेवल्यावर प्लास्टिकचे सुमारे २५ हजार बारीक कण पाण्यात आढळले. हे कण शरीरात जाऊन नेमके काय करतात यावर अजून काम चालू आहे. आम्ही तरी नाक्यावर काचेचा ग्लास मागतो.

वर्तमानपत्रात भजी बांधणे हाही उपाय नव्हे. छपाईच्या शाईतली रसायने तेलात उतरतात. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही हे करू नये असे सांगितले आहे.

"पण उष्ट्या ताटाने रोग पसरतो ना?"

महिला मंडळाच्या बैठकीत हा प्रश्न हमखास येतो. नीट उत्तर देतो. टीबी ताट-वाटीने पसरत नाही. तो रुग्णाच्या खोकल्यातून, हवेतून पसरतो. घरात टीबीचा रुग्ण असेल तर त्याला कागदी प्लेटीत वेगळे वाढू नका. त्याला औषधाचा पूर्ण कोर्स, उघडी खिडकी आणि पोटभर अन्न लागते. कुष्ठरोग, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी हेही एकत्र जेवल्याने होत नाहीत. टायफॉइड, जुलाब आणि साधी कावीळ पोटातून होतात. त्यांचे जंतू दूषित पाण्यातून आणि न धुतलेल्या हातांतून येतात. म्हणजे प्रश्न ताट स्टीलचे की थर्माकोलचे हा नाही. पाणी कसले आणि वाढणाऱ्याचे हात कसे, हा आहे. आणि गोदामात धूळ खात पडलेला प्लेटांचा गठ्ठा कोणी धुऊन आणत नाही, हेही लक्षात घ्या.

पाणी कमी आहे, ही अडचण मात्र खरी आहे. जिथे नळ पहाटे अर्धा तास येतो तिथे तीनशे ताटे कशी धुवायची? आम्ही तीन मोठ्या टबांची पद्धत वापरतो. आधी खरकटे एका बादलीत झाडून घ्यायचे. पहिल्या टबात साबणाचे पाणी, शक्य असेल तर कोमट. दुसऱ्यात साधे पाणी. तिसऱ्यात पिण्यालायक स्वच्छ पाणी, शेवटी बुचकळून काढायला. दुसरे आणि तिसरे पाणी गढूळ दिसले की बदलायचे. ताटे पालथी घालून उन्हात वाळवायची, ओल्या फडक्याने पुसायची नाहीत. जंतू त्या फडक्यातच असतात. ताटाला पाऊण लिटर पाणी धरले तरी तीनशे ताटांना सव्वादोनशे लिटर होते, म्हणजे एका पिंपाहून थोडे अधिक. आदल्या रात्री भरून ठेवले तर जमते.

धुणार कोण? इथे आम्ही हट्टी आहोत. पंगत उठल्यावर महिला मंडळाने पदर खोचायचा आणि कार्यकर्त्यांनी खुर्च्यांवर बसून आढावा घ्यायचा, असे ठरत असेल तर बाया उद्या पुन्हा थर्माकोलच मागतील आणि त्यांचे चुकणार नाही. ज्याचे ताट त्याने धुवावे, अध्यक्षांनीही. अमृतसरच्या सुवर्णमंदिरात रोज हजारो माणसे स्टीलच्या थाळीत जेवतात आणि सेवेला बसलेले बाया-पुरुष मिळून त्या धुतात. तिथे रोज जमते. आपल्याला वर्षातून आठ-दहा वेळा जमवायचे आहे.

आणखी एक गोष्ट वडीलधारी माणसे हळूच सांगतात. धुऊन वापरायच्या कपाचे नाव काढले की त्यांना हॉटेलाबाहेर वेगळी ठेवलेली कपबशी आठवते, जी चहा पिऊन स्वतः विसळून परत जागेवर ठेवावी लागे. फेकायचा ग्लास आला तेव्हा सगळ्यांना एकच ग्लास, म्हणून त्यांना मोकळे वाटले. त्यांचे ते वाटणे खोटे नव्हते. पण पुढे काही गावांत टपरीवर बाकीच्यांना काचेचा ग्लास आणि आपल्या माणसाला प्लास्टिकचा, असा प्रकार सुरू झाल्याचे कार्यकर्त्यांनी उघड केले. विहारातल्या ताटाचे तसे नाही. त्यात आधी कोण जेवले हे कोणी विचारत नाही.

शिवाय फेकलेला ग्लास उचलतो कोण? शहरांत झाडू मारणारे, नाल्यात उतरणारे, कचरा वेचणारे बहुतेक हात आपल्याच समाजाचे किंवा आपल्यासारख्याच समाजांचे आहेत. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली तीही अशाच कचरावेचक कष्टकऱ्यांची, ज्यांत बहुसंख्य दलित बाया आहेत. बाटलीला भंगारात भाव मिळतो, म्हणून बाटली उचलली जाते. खरकट्याने माखलेल्या थर्माकोलच्या प्लेटीला भंगारवाला हात लावत नाही. ती वेचणारीच्या पोत्यात जागा खाते आणि पैसा देत नाही. मग ती तिथेच पडून राहते, किंवा सकाळी सातला हातमोजे नसलेली कंत्राटी कामगार ती उचलते. कुजलेल्या आमटीत हात घालून.

काय वापरायचे

महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने थर्माकोल आणि प्लास्टिकच्या एकदा वापरायच्या ताट-वाट्या, ग्लास, चमचे यांवर बंदी आली. १ जुलै २०२२ पासून अशा प्लास्टिकच्या वस्तूंवर देशभर बंदी आहे. राज्याच्या कायद्यात दंड पहिल्या वेळी ५ हजार, दुसऱ्यांदा १० हजार, तिसऱ्यांदा २५ हजार आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. तरी माल मिळतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. दुकानदाराला पकडणे पालिकेचे काम. आपल्या मंडळाच्या यादीतून तो काढणे आपले.

पत्रावळ आणि द्रोण चांगले. विदर्भात पळसाच्या आणि मोहाच्या पानांच्या पत्रावळी बाया घरी बसून टाचतात. थेट त्यांच्याकडून घेतल्या तर चार पैसे त्यांच्या हातात जातात. कोकणात केळीचे पान आहेच. मात्र बाजारातल्या चकचकीत पत्रावळीला खालून किंवा वरून प्लास्टिकचा पापुद्रा असतो. घेण्याआधी एक फाडून पाहा. फाटताना पातळ पडदा ताणला गेला तर ती घेऊ नका. उसाच्या चिपाडाच्या प्लेटा चालतात, पण त्या महाग पडतात. "कुजणारे प्लास्टिक" म्हणून विकले जाणारे ग्लास टाळावेत; ते कारखान्यासारख्या उष्णतेत कुजतात, आपल्या गटारात नाही. पानांचे ताटसुद्धा गटारात टाकले तर गटार तुंबतेच. त्यासाठी कोपऱ्यात खड्डा करा, वर माती टाका.

सगळ्यात टिकाऊ स्टील. पहिल्या वेळी मंडपवाल्याकडून भाड्याने घ्या आणि किती ताटे पुरतात ते पाहा. पाचशे माणसांना पाचशे लागत नाहीत. पंगती तीन असतील आणि धुण्याची सोय चोख असेल तर दोनशे पुरतात. मग विहाराची स्वतःची भांडी जमवता येतात. वाढदिवसाला, स्मृतिदिनाला दान देणाऱ्यांना दहा ताटे द्यायला सांगा. बचत गटाने ती सांभाळावीत, वस्तीतल्या लग्नाला थोड्या भाड्याने द्यावीत, आणि जमलेल्या पैशातून हरवलेली ताटे, साबण आणि टब घ्यावेत. प्रत्येक ताटाच्या पाठीवर विहाराचे नाव कोरून घ्या. वहीत नेताना आणि आणताना दोन्ही वेळा मोजून लिहा, नेणाऱ्याची सही घ्या. चमचे सर्वांत जास्त हरवतात; ते पन्नासच्या जुड्या बांधून द्या.