घसरत्या समभागाची ‘सरासरी’ : खरेदी किंमत उतरते, जोखीम मात्र वाढते

सिरुसेरी (चेन्नई) : जुन्या महाबलीपुरम मार्गावरील सिरुसेरी येथे ‘सिपकॉट’च्या माहिती तंत्रज्ञान उद्यानात टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचे (टीसीएस) सुमारे ७० एकरांवर पसरलेले संकुल आहे. या कंपनीचा समभाग सप्टेंबर २०२४ च्या प्रारंभी ४,५०० रुपयांच्या वर होता. वर्षभरानंतर, सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस तो ३,००० रुपयांच्या खाली आला. मधल्या काळात, जुलै २०२५ मध्ये, कंपनीने मनुष्यबळात सुमारे दोन टक्के, म्हणजे अंदाजे १२,००० जणांची कपात करण्याचे जाहीर केले. अशा घसरणीत समभाग हाती असलेल्या छोट्या गुंतवणूकदारापुढे नेहमीचा प्रश्न उभा राहतो : पडलेल्या भावात आणखी समभाग घेऊन सरासरी खरेदी किंमत खाली आणावी काय?

या पद्धतीला बाजारात ‘ॲव्हरेज करणे’ म्हणतात. तिचे गणित सोपे आहे. एखाद्याने ४,५०० रुपयांना २० समभाग घेतले, तर ९०,००० रुपये गुंतले. भाव ३,००० झाल्यावर त्याने आणखी २० समभाग ६०,००० रुपयांना घेतले. आता ४० समभागांसाठी दीड लाख रुपये गेले आणि सरासरी ३,७५० रुपयांवर आली. तोट्यातून बाहेर पडण्यासाठी आधी भाव ५० टक्के वाढणे आवश्यक होते. आता २५ टक्के वाढ पुरेशी आहे.

या पद्धतीचे आकर्षण येथेच आहे आणि फसगतही येथेच होते. दुसऱ्या खरेदीपूर्वी तोटा ३०,००० रुपये होता आणि खरेदीनंतरही तो ३०,००० रुपयेच आहे. केवळ मोठ्या रकमेवर विभागला गेल्यामुळे मोबाइलच्या पडद्यावर ३३ टक्क्यांऐवजी २० टक्के दिसतो. भाव पुढे २,४०० रुपयांवर गेला, तर २० समभागांवर ४२,००० रुपयांचा तोटा झाला असता; ४० समभागांवर तो ५४,००० रुपये होतो. सरासरी हा गुंतवणूकदाराच्या वहीतील आकडा आहे. कंपनीची विक्री, नफा, कर्ज आणि भवितव्य यांवर त्याचा काडीचाही परिणाम होत नाही.

बुडत्याचा पाय खोलात

घसरण तात्पुरती नसेल तर काय होते, याचे उदाहरण येस बँकेने घालून दिले. ऑगस्ट २०१८ मध्ये तिचा समभाग ४०० रुपयांच्या आसपास होता. समजा, एखाद्याने ४००, २००, १०० आणि ५० रुपयांना प्रत्येकी १०० समभाग घेतले. त्याची सरासरी १८७ रुपये ५० पैसे झाली, म्हणजे पहिल्या भावाच्या निम्म्याहूनही कमी. ५ मार्च २०२० रोजी बँकेवर निर्बंध आले आणि खातेदारांना ५०,००० रुपयांपर्यंतच पैसे काढण्याची मुभा राहिली. पुनर्रचना योजनेनुसार १०० पेक्षा अधिक समभाग असलेल्यांचे ७५ टक्के समभाग तीन वर्षांसाठी गोठवले गेले. जुलै २०२० मध्ये बँकेने नवे समभाग १२ रुपयांना विकले. त्या भावाने या गुंतवणूकदाराच्या ७५,००० रुपयांचे मूल्य ४,८०० रुपये उरले. तो पहिल्या खरेदीवर थांबला असता, तर पणाला लागलेली रक्कम ४०,००० रुपयांच्या पुढे गेली नसती.

दिवाण हाउसिंग फायनान्स कॉर्पोरेशनच्या भागधारकांना तर २०२१ मधील दिवाळखोरी निवाड्यात काहीच मिळाले नाही. शून्य झालेल्या समभागाची सरासरी कितीही कमी असली, तरी तिचा उपयोग नसतो.

निर्देशांकाची गोष्ट वेगळी

हीच पद्धत संपूर्ण बाजाराला लावली, तर अनुभव निराळा येतो. जानेवारी २०२० मध्ये ४२,००० वर असलेला सेन्सेक्स २३ मार्च रोजी २५,९८१ वर बंद झाला आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा ४२,००० पार गेला. घसरणीच्या महिन्यांत निर्देशांकाशी निगडित फंडातील मासिक हप्ते चालू ठेवणाऱ्यांना त्याच रकमेत अधिक युनिट मिळाले. याचे कारण निर्देशांकाच्या रचनेत आहे. दुबळ्या झालेल्या कंपन्या त्यातून वगळल्या जातात व त्यांची जागा इतर कंपन्या घेतात. येस बँक डिसेंबर २०१९ मध्येच सेन्सेक्समधून बाहेर पडली होती. एकट्या समभागाला अशी सोय नसते.

माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील कर्मचाऱ्याला, मग तो सिरुसेरीत असो वा पुण्याच्या हिंजवडीत, आणखी एक बाब ध्यानात घ्यावी लागते. त्याचे वेतन ज्या उद्योगातून येते, त्याच उद्योगाचे समभाग तो घसरणीत वाढवत गेला, तर एकाच मंदीत नोकरी आणि बचत दोन्ही संकटात येतात. घराचा हप्ता भरण्यासाठी समभाग विकण्याची वेळ नेमकी भाव सर्वांत कमी असतानाच येऊ शकते.

कराच्या लेखी सरासरी नाही

ॲपवर दिसणारी सरासरी प्राप्तिकर कायदा विचारात घेत नाही. डिमॅट खात्यातील समभाग विकताना आधी घेतलेले आधी विकले, असे धरले जाते. वरील उदाहरणात २० समभाग ४,००० रुपयांना विकल्यास सरासरीनुसार नफा दिसेल. परंतु करासाठी ते ४,५०० रुपयांचे समभाग ठरतील आणि १०,००० रुपयांचा तोटा नोंदला जाईल.

म्हणून पुन्हा खरेदी करण्यापूर्वी जुना भाव क्षणभर विसरणे हिताचे ठरते. हा समभाग हाती नसता, तर आजच्या माहितीवर, आजच्या भावाला तो घेतला असता काय? उत्तर ‘होय’ असेल, तरी एका कंपनीत एकूण बचतीचा किती हिस्सा ठेवायचा, ही मर्यादा भाव पडण्याआधीच ठरलेली असावी. उत्तर ‘नाही’ असेल, तर नवी खरेदी ही गुंतवणूक राहत नाही. ती जुनी चूक मान्य करणे पुढे ढकलण्यासाठी मोजलेली किंमत ठरते.