डाग पाडणारा चीक, आग अडवणारं कापड

शिवजयंतीला रायगडावर शिवज्योत पेटवून तरुण पाचाडमार्गे आपापल्या गावाकडे धावत निघतात. अंगात सुती सदरा, हातात धगधगती ज्योत. ठिणगी पडली तर?

हवेत ऑक्सिजन असतो सुमारे २१ टक्के आणि सुती कापडाला जळत राहायला १८ टक्केही पुरतो. म्हणून पेटलेला सदरा आपणहून विझत नाही. खरं तर ज्वाळा धाग्याची नसतेच. साडेतीनशे अंश सेल्सिअसच्या आसपास सेल्युलोज तुटतं, त्यातून ज्वलनशील वाफा सुटतात आणि पेट घेतात त्या वाफा.

रायगडच्या डोंगरांत कातकरी कोळसाभट्टी लावतात. रचलेली लाकडं मातीने लिंपून हवा कोंडली की लाकूड भडकत नाही, त्याचा कोळसा होतो. कापडावर हेच काम फॉस्फरसयुक्त क्षार वेगळ्या वाटेने करतात. तापल्यावर त्यांतून फॉस्फोरिक आम्ल सुटतं. ते सेल्युलोजमधला हायड्रोजन आणि ऑक्सिजन पाण्याच्या रूपात ओढून काढतं. जळाऊ वाफा घटतात, मागे कोळसा उरतो. कापड काळं पडतं, पण भडकत नाही.

ही युक्ती हाती लागली ती गे-ल्युसॅकच्या. हो, शाळेत वायूंच्या नियमात भेटतो तोच! फ्रान्सच्या अठराव्या लुईने नाट्यगृहांतल्या कापडांसाठी त्याला कामाला लावलं आणि १८२१ मध्ये त्याने अमोनियम फॉस्फेट, नवसागर आणि टाकणखार यांचं मिश्रण सुचवलं. आजही ज्वालारोधक मिश्रणांत फॉस्फेट आणि टाकणखार असतात. त्याचं हे काम मात्र पाठ्यपुस्तकात नाही, याची खंत वाटते.

आपल्याकडचा प्रयोग मुंबईत माटुंग्याला झाला. १९२४ मध्ये सुरू झालेल्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेत शंतनू बसाक आणि सहकाऱ्यांनी २०१५ च्या सुमारास केळीच्या खांबातला रस वापरला. घड उतरवल्यावर टाकून दिला जातो तो हा खांब. कोकणात ज्याचा डाग कपड्यावरून जात नाही तो हा चीक. त्यात फॉस्फेट आणि इतर खनिज क्षार असतात. टॅनिक आम्ल आणि तुरटीची प्रक्रिया केलेल्या सुती कापडाला हा रस दिल्यावर ते जळत राहायला सुमारे ३० टक्के ऑक्सिजन लागू लागला. उभ्या पट्टीवरची ज्वाळा काही सेकंदांत विझली. आडव्या पट्टीवर ज्वाळा उठलीच नाही. धग मिनिटाला ७.५ मिलिमीटर सरकली, म्हणजे साध्या कापडाच्या सुमारे दहापट हळू.

आनंदाची गोष्ट, पण ‘केळीने आगीवर मात’ असे मथळे घाईचे ठरतील. पाण्यात विरघळणारे क्षार धुण्यात निघून जातात. गे-ल्युसॅकचीही अडचण हीच होती. १९५० च्या दशकात अमेरिकेत विकसित झालेल्या फॉस्फोनियम रसायनांनी तिच्यावर तोड काढली. ती धाग्याच्या आतच बहुलक बनतात आणि डझनावारी धुण्यांनंतरही टिकतात. वेल्डिंग करणाऱ्यांच्या गणवेशांत तीच वापरली जातात. मात्र त्या प्रक्रियांत फॉर्माल्डिहाइडचा प्रश्न येतो, आणि रासायनिक सांडपाण्याची किंमत महाडच्या औद्योगिक वसाहतीशेजारी राहणाऱ्यांना वेगळी सांगायला नको.

म्हणून केळीच्या रसाची खरी जागा आज क्वचितच धुतलं जाणारं कापड: मंडपाचं आतलं छत, नाट्यगृहाचे पडदे. रोजच्या सदऱ्यापर्यंत पोचायचं, तर फॉस्फरस धाग्याला घट्ट जोडणारी आणि नदी न नासवणारी रीत शोधायला हवी. तोवर ‘ज्वालारोधक’ असं लिहिलेलं कापड घेताना दुकानदाराला एवढं जरूर विचारा: किती धुण्यांपर्यंत?