‘विकेड’चा पुढचा भाग का फसला?

‘विकेड’चे दोन्ही सिनेमे पाहिलेल्या अनेकांना वाटतं, की दुसरा सिनेमा म्हणजे दुसरी कादंबरी. तसं नाही. दोन्ही सिनेमे ब्रॉडवेच्या २००३ सालच्या संगीत नाटकावरून घेतलेत आणि त्या नाटकाला आधार ग्रेगरी मॅग्वायर या अमेरिकन लेखकाच्या १९९५च्या ‘विकेड’ कादंबरीचा. पुढचा भाग ‘सन ऑफ अ विच’ २००५ मध्ये आला. सिनेमा आवडला म्हणून तो विकत घेणार असाल, तर जरा थांबा.

मूळ गोष्ट एल. फ्रँक बॉम यांची, १९०० सालची. वादळाने ओझ देशात नेऊन टाकलेली डोरोथी दुष्ट चेटकिणीवर पाणी ओतते आणि चेटकीण विरघळते. मॅग्वायर यांनी या चेटकिणीलाच नायिका केलं. एल्फाबा हिरव्या कातडीची, हुशार, बोलणाऱ्या प्राण्यांचे हक्क काढून घेणाऱ्या राजवटीशी भांडणारी. तिचं काय होणार हे आधीच ठाऊक असल्यानेच वाचक तिच्यात गुंततो. ‘मृत्युंजय’ वाचताना कर्णाच्या रथाचं चाक रुतणार हे माहीत असूनही पुस्तक खाली ठेववत नाही, तसंच.

दुसऱ्या भागात हे भांडवलच संपलेलं आहे. नायक लिर, एल्फाबाजवळ वाढलेला पोरगा. ती आपली आई की नाही, हे त्यालाही कळत नाही. तो सैन्यात जातो, एक गाव जाळण्यात सामील होतो. हा भाग जबरदस्त उतरलाय. पण एरवी तो वाऱ्यावरच्या पानासारखा इकडून तिकडे जात राहतो. एल्फाबा चुकली तरी स्वतः ठरवून चुकायची. लिर ठरवतो फार उशिरा, तोवर वाचक कंटाळतो.

म्हणजे पुढचे भाग फसणारच का? नाही. बॉम यांनी १९१०च्या पुस्तकात ओझची मालिका बंद केली होती. १९११ मध्ये त्यांचं दिवाळं निघालं आणि १९१३ मध्ये ते पुन्हा ओझकडे वळले. पण त्या पुस्तकात नवा मुलगा आणला. त्याचा काका दगडाचा झालाय, उतारा शोधायचाय. वाटेत काय घडेल ते घडो, पोराला कुठे जायचंय हे पक्कं. लिरच्या गोष्टीत हेच सापडत नाही.

तेव्हा पहिली कादंबरी खुशाल विकत घ्या, पण मुलांच्या हातात देऊ नका, ती मोठ्यांसाठी आहे. दुसरी वाचनालयात मिळाली तर वाचा. पैसे त्यात घालू नका.