हे युद्ध कुणाचं?

सोलापूरकरांना डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची ओळख करून द्यायला नको. भैय्या चौकातलं स्मारक, चिनी पाहुण्यांच्या भेटी, व्ही. शांतारामांचा १९४६ चा चित्रपट हे सगळं पाठ झालेलं आहे. पण या गौरवात माणूस संत होऊन बसला आणि त्याचं राजकारण पुसलं गेलं. सत्तावीस वर्षांचा एक डॉक्टर १९३८ मध्ये चीनला गेला, त्याला आपण सेवा म्हणतो. तो निषेध होता, एका साम्राज्याच्या आक्रमणाविरुद्ध दुसऱ्या साम्राज्याच्या गुलामांनी केलेला. हे एकदा मान्य केलं की आपल्याकडच्या तरुणांच्या युद्धविरोधाचा इतिहास वेगळा दिसू लागतो. ‘युद्ध नको’ एवढ्यावर तो क्वचितच थांबला. ‘हे युद्ध कुणाचं?’ हा त्याचा खरा प्रश्न राहिला, आणि उत्तराची किंमत मोजायची तयारी जिथे होती तिथेच त्याला वजन आलं.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगता येते. जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर उघड चढाई केली. ऑक्टोबरात काँग्रेस महासमितीने चीनला पाठिंबा देऊन जपानी मालावर बहिष्कार पुकारला. नोव्हेंबरात चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्गसेनेचे सेनापती चू तेह यांनी नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली, आणि १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष झालेले सुभाषचंद्र बोस यांनी वैद्यकीय पथकाचा विषय तडीस नेला. अटल, चोळकर, कोटणीस, बसू, मुखर्जी असे पाच डॉक्टर १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून निघाले. यातल्या अटलांनी स्पेनच्या यादवीत जखमींची सेवा केली होती. म्हणजे माद्रिद आणि हँकाऊ हे एकाच लढ्याचे दोन मोर्चे आहेत, ही जाण पथकात पहिल्या दिवसापासून होती.

बहिष्काराविषयी एक रास्त शंका घेतली जाते. सोलापूर गिरण्यांचं गाव. जुनी मिल, नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू या सगळ्या गिरण्यांना स्वस्त जपानी कापडाने १९३० च्या दशकात घाम फोडला होता. मग जपानी मालावरचा बहिष्कार हा चीनच्या प्रेमाचा की गिरणीमालकांच्या गल्ल्याचा? शंकेत तथ्य आहे, पण ते अर्धंच. दुसरं अर्ध कापसात आहे. भारतातल्या कच्च्या कापसाचं जपान हे फार मोठं गिऱ्हाईक होतं. १९३३ मध्ये सरकारने ब्रिटिशेतर परदेशी कापडावरची जकात पंचाहत्तर टक्क्यांवर नेली, तेव्हा जपानी गिरण्यांनी उलट आपला कापूसच घ्यायचं थांबवलं. शेवटी १९३४ च्या करारात जपानने किती कापूस उचलायचा आणि त्याबदल्यात किती कापड पाठवायचं, याची सांगड घालावी लागली. त्यामुळे बहिष्काराचा लाभ मागावर बसणाऱ्याला झाला, तरी त्याची झळ कापूस पिकवणाऱ्याला लागण्याची शक्यता होती. त्याला निव्वळ व्यापारी डाव म्हणणं म्हणजे निम्म्या हिशेबावर निकाल देणं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जो माणूस एका लढणाऱ्या सैन्याच्या रुग्णालयात काम करतो, जखमी सैनिकाला बरा करून पुन्हा आघाडीवर जाण्याजोगा करतो, त्याला युद्धविरोधी कसं म्हणायचं? केवळ शांतता हाच निकष लावला, तर म्हणता येणार नाही. पण घरावर चालून आलेल्याला अडवणारा आणि चालून जाणारा यांना एकाच मापाने मोजणारी शांतता नेहमीच बळकटाच्या सोयीची ठरते. कोटणीसांचा प्रवासच पाहा. चुंगकिंगला असताना वडील गेल्याची बातमी आली. परतायला याहून मोठं कारण कोणतं? पण १९३९ च्या फेब्रुवारीत ते चिनी कम्युनिस्टांचा तळ असलेल्या येनानला पोहोचले. मुखर्जी, चोळकर, अटल एकेक करून मायदेशी परतले. अखेरपर्यंत टिकले ते कोटणीस आणि बसू हे दोन तरुण. १९४१ मध्ये कोटणीस बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले, त्याच वर्षी त्यांनी परिचारिका क्वो चिंगलान यांच्याशी लग्न केलं, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराने त्यांचा मृत्यू झाला. त्यांनी बाजू घेतली होती, आणि ती घेताना हातात शस्त्रक्रियेची हत्यारं धरली होती.

आता खरी गुंतागुंत. कोटणीस आघाडीजवळ होते तेव्हा इकडे त्यांच्या पिढीत घनघोर भांडण चाललं होतं. सप्टेंबर १९३९ मध्ये व्हाइसरॉयने कुणालाही न विचारता भारताला युद्धात ओढलं. २ ऑक्टोबरला मुंबईच्या सुमारे नव्वद हजार कामगारांनी युद्धाविरुद्ध एक दिवसाचा संप केला. पुढच्या वर्षी १७ ऑक्टोबरला विनोबांनी पवनारला युद्धविरोधी भाषण करून वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला. लाल बावटा आणि चरखा यांचे रस्ते निराळे असले तरी तेव्हा दोघांचं उत्तर एकच होतं: हे युद्ध आमचं नाही. जून १९४१ मध्ये हिटलर रशियात घुसला आणि काही महिन्यांत कम्युनिस्टांनी त्याच युद्धाला ‘लोकयुद्ध’ ठरवलं. विद्यार्थी संघटना तर त्याआधीच, १९४० च्या अखेरीस, उभी चिरली होती. जुलै १९४२ मध्ये कोटणीस चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले. त्याच महिन्यात भारतात कम्युनिस्ट पक्षावरची बंदी उठली, आणि पुढच्याच महिन्यात ‘छोडो भारत’ची हाक आली. मार्शल लॉ सोसलेल्या, चार हुतात्मे दिलेल्या सोलापुरातला काँग्रेसचा तरुण आणि सोलापूरचाच हा डॉक्टर एका सभेत आले असते, तर युद्धाच्या प्रश्नावर त्यांचं जुळलं नसतं.

याहून बोलका दाखला बोसांचा आहे. ज्या अध्यक्षाने १९३८ मध्ये जपानविरुद्ध डॉक्टर पाठवले, तोच १९४३ मध्ये जपानच्या मदतीने आझाद हिंद सेना चालवत होता. याला संधिसाधूपणा म्हणणं सोपं आहे, आणि उथळही. शत्रू लंडनमध्ये बसलेला दिसतो की टोकियोत, यावर उत्तर बदलतं. माझं मत मात्र कोटणीसांकडे झुकतं. चिनी खेड्यातला जखमी माणूस दिल्लीच्या सोयीसाठी विसरता येत नाही.

पुढच्या पिढ्यांकडे या कसोटीने पाहिलं तर एक उणीव डोळ्यांत भरते. अमेरिकेतल्या तरुणांना व्हिएतनाम युद्धाविरुद्ध रस्त्यावर आणण्यात सक्तीच्या लष्करभरतीचा मोठा वाटा होता. आपल्याकडे तशी सक्ती कधीच नव्हती, त्यामुळे आपला युद्धविरोध जिवाच्या भीतीतून उगवला नाही, पक्ष आणि विचारांच्या वाफ्यात वाढला. १९६८ मध्ये अमेरिकेचे माजी संरक्षणमंत्री मॅकनमारा कोलकात्यात आले तेव्हा तिथल्या तरुणांनी शहर डोक्यावर घेतलं. पण १९६२ मध्ये, कोटणीसांना जाऊन वीस वर्षं होत असताना, चीनशीच युद्ध झालं आणि समेटाची भाषा करणारा देशद्रोही ठरू लागला. परक्यांच्या युद्धावर आपण बोलतो, घरच्या युद्धावर जीभ आखडते. अपवाद आहेत. अणुचाचण्यांविरुद्ध ११ मे १९९९ रोजी पोखरणहून सारनाथकडे पदयात्रा निघाली आणि ती वाटेत असतानाच कारगिल पेटलं, तरी माणसं चालत राहिली. जानेवारी २००४ मध्ये गोरेगावच्या जागतिक सामाजिक मंचावर इराक युद्धाविरुद्ध घोषणा घुमल्या.

जुलै २०२५ मध्ये गाझासाठी आझाद मैदानावर निदर्शनं करू द्यावीत, ही मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली आणि आपल्या देशातले प्रश्न पाहा, असं सुनावलं. ऑगस्टात परवानगी मिळाली, निदर्शनं झाली. न्यायालयाचा प्रश्न अनेकांच्या मनातला आहे: दूरच्या युद्धाशी आपला काय संबंध? १९३८ मध्ये तो प्रश्न आणखी टोकदार होता, कारण तेव्हा स्वतःचं राज्यही नव्हतं. तरीही त्या पिढीने दूरचं दुःख आणि घरचा लढा यांत निवड करायला नकार दिला. मैदानात तासभर उभं राहून आजचा तरुण त्या वारशाला पुरा पडत नाही, हे खरंच. पण तो तासही ज्यांना डाचतो, त्यांनी कोटणीसांच्या पुतळ्याला हार घालण्याआधी विचार करावा. परक्याच्या युद्धात लक्ष घातलं, म्हणूनच तो पुतळा उभा आहे.