थोरल्याची लस आणि पाळण्यातलं बाळ

घरात दीड महिन्याचं तान्हं बाळ, आणि थोरल्याच्या नाकात फ्लूची लस फवारायची म्हटलं की आजी विचारतातच, "जिवंत लस ना ती? हा शिंकला तर बाळाला बाधायची नाही?"

शंका रास्त आहे. ह्या लशीतले विषाणू जिवंत असतात खरे, पण दुबळे केलेले. २५ अंशांच्या थंडाव्यात वाढायची सवय लावलेले. नाकात ते थोडेफार वाढतात, छातीतल्या उबेत मात्र त्यांचं फारसं चालत नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं २०१० साली स्वाइन फ्लूवर काढलेली नाकाची लस ह्याच जातीची.

लस घेतलेलं मूल काही दिवस नाकावाटे हे विषाणू बाहेर टाकतं. ते दुसऱ्याला लागतात का? फिनलंडमध्ये पाळणाघरांतल्या १९७ मुलांवर हे पाहिलं. २००६ साली निष्कर्ष छापून आले. निम्म्यांना लस, निम्म्यांना नुसताच फवारा. लशीचा विषाणू दुसऱ्या मुलाकडे गेल्याचं एकदाच पक्कं ठरलं, अन् त्यालाही दुखणं आलं ते किरकोळच.

उलट सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फ्लूची लस देताच येत नाही. थोरल्यानं शाळेतून खरा फ्लू आणला, तर तो आधी पाळण्यापाशीच पोचायचा! म्हणून थोरला दोन वर्षांपुढचा असेल, तर तान्ह्यासाठी फवारा टाळायचं कारण नाही. घरात कुणी अस्थिमज्जा बदलून नुकतंच वेगळ्या खोलीत ठेवलेलं असेल, तेव्हा मात्र डॉक्टर थोरल्याला सुईच टोचतील.