किटबॅशिंग
किटबॅशिंग म्हणजे दोन किंवा अधिक मॉडेल संचांचे सुटे भाग एकत्र करून मूळ संचांत नसलेली नवी प्रतिकृती घडविणे. 'स्टार वॉर्स' (१९७७) या चित्रपटातील अवकाशयानांवर रणगाड्यांच्या व विमानांच्या संचांतील भाग चिकटविलेले होते. यंत्रमानवांच्या बाबतीत हे तंत्र प्रामुख्याने जपानी गनप्ला संचांवर वापरले जाते. त्यांतील पहिला संच बंदाई कंपनीने जुलै १९८० मध्ये ३०० येनला विक्रीस आणला.

खरी अडचण प्रमाणाची व सांध्यांची असते. १८ मीटर उंचीचा यंत्रमानव १:१४४ प्रमाणात १२.५ सेंटिमीटर, तर १:१०० प्रमाणात १८ सेंटिमीटर भरतो. त्यामुळे मोठ्या संचाचा हात लहान धडास जोडल्यास तो विजोड तर दिसतोच, शिवाय त्याच्या भाराने खांदा झुकतो. नवशिक्यांचे काम बहुधा येथेच बिघडते. खुंटी व खाच जुळत नसल्यास जुनी खुंटी कापून पितळी तार बसवितात आणि फट इपॉक्सी पुट्टीने भरतात. पॉलिस्टायरिनचे भाग द्रावक गोंदाने एकजीव होतात. सांध्यांतील पॉलिएथिलीनवर मात्र तो गोंद धरत नाही, रंगही टिकत नाही.

निरनिराळ्या रंगांचे भाग एकसंध दिसावेत म्हणून प्रथम राखाडी प्रायमर देतात. छत्रपती संभाजीनगरसारख्या ठिकाणी पावसाळ्यातील दमट हवेत लॅकर रंगावर पांढरट झाक येऊ शकते. तेथे फवारणी कोरड्या दिवशी करणे श्रेयस्कर.