सायरन गप्प का बसतो आणि भलत्या वेळी का ओरडतो?

मोटारीतल्या विजेबद्दलच्या आपल्या मालिकेत आज एक छोटा, पण अख्ख्या सोसायटीची झोप उडवणारा भाग घेऊ या. चोरीविरोधी अलार्मचा सायरन.

हा विषय क्षुल्लक नाही. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत आवाजाची कायदेशीर मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि बाजारातल्या सायरनवर साधारण ११० ते १२० डेसिबल असं लिहिलेलं असतं. पण त्याहून मोठा प्रश्न 'लांडगा आला रे आला'चा. जो सायरन दर दोन दिवसांनी उगाच ओरडतो, त्याच्याकडे खऱ्या चोरीच्या रात्रीही कुणी खिडकीतून डोकावत नाही. मग मालक वैतागून फ्यूज काढून ठेवतो आणि गाडी पूर्ण उघड्यावर पडते.

आधी रचना समजून घेऊ. अलार्मचा मेंदू म्हणजे कंट्रोल युनिट. ते बहुतेक वेळा डॅशबोर्डच्या आत असतं. दरवाज्याचे स्विच, बॉनेटचा स्विच आणि धक्क्याचा सेन्सर त्याला खबर देतात. सायरन बॉनेटखाली असतो आणि तो फक्त तोंड आहे. मेंदूने सांगितलं की ओरडायचं, एवढंच त्याचं काम. म्हणून पहिला प्रश्न हाच: दोष तोंडात आहे की मेंदूच्या हुकमात?

उगाच ओरडणाऱ्या सायरनसाठी याचं उत्तर हत्याराशिवाय मिळतं. ओरडताना इंडिकेटर लुकलुकतात का ते पाहा. लुकलुकत असतील, तर हुकूम मेंदूकडून आलाय. मग सायरन बदलून काही होणार नाही. बॉनेटचा गंजलेला स्विच, नीट न लागणारा दरवाजा किंवा फार नाजूक लावलेला धक्क्याचा सेन्सर तपासा. इंडिकेटर शांत आणि सायरन एकटाच बोंबलतोय, तर संशय सायरनवर किंवा त्याच्या वायरींवर.

इथे एक प्रकार लक्षात ठेवायला हवा. काही सायरनच्या पोटात स्वतःची छोटी रिचार्जेबल बॅटरी असते. चोराने गाडीची बॅटरी तोडली तरी सायरन वाजावा, म्हणून ही सोय. अशा सायरनला वीजपुरवठा तुटला की तो त्याला चोरीच समजतो. गाडीची बॅटरी अशक्त झाली, सुरू करताना व्होल्टेज खाली गेलं, किंवा पुरवठ्याच्या वायरचा जोड ढिला असला, तरी तो गैरसमज करून घेतो. शिवाय काही वर्षांनी आतली बॅटरी मरते, कधी गळते, आणि तो द्रव सर्किट खातो. म्हणून आधी गाडीची बॅटरी मोजा. काही तास उभ्या असलेल्या गाडीत सुमारे १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज. १२ च्या खाली असेल तर आधी तिचाच बंदोबस्त करा.

या सायरनला बहुधा एक छोटी किल्ली असते. वायर काढण्याआधी त्या किल्लीने तो बंद करा. नाहीतर वायर सुटताच तो तुमच्या कानाशी सुरू होईल. काम करताना कानात इअरप्लग घालाच.

आता उलट तक्रार: सायरन वाजतच नाही. आधी किल्ली आणि फ्यूज पाहा. मग मल्टिमीटर घ्या. साध्या दोन वायरींच्या सायरनमध्ये बहुधा लाल वायरीवर हुकूम येतो आणि काळी अर्थिंगची असते. सायरन जोडलेलाच ठेवून रिमोटने अलार्म वाजवा आणि दोन्ही वायरींमध्ये व्होल्टेज मोजा. १२ च्या आसपास मिळालं आणि तरी आवाज नाही, तर सायरन गेला. मिळालं नाही, तर मीटरची काळी पिन काळ्या वायरीवरून काढून बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. आता १२ दिसले, तर अर्थिंग खराब. तरीही काही नाही, तर लाल वायर, रिले किंवा कंट्रोल युनिट.

'सायरन जोडलेलाच ठेवा' असं आम्ही का म्हणतो? वायरीची एकच तार शाबूत असली, तरी सायरन काढून मोजल्यावर मीटर १२ दाखवतो, कारण त्यातून प्रवाह जवळजवळ वाहतच नाही. सायरन प्रवाह मागतो तेव्हा त्या एका तारेचं पितळ उघडं पडतं. आवाज मरतुकडा येत असेल तर हीच चाचणी. वाजताना काळी वायर आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यात ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर अर्थिंगचा बोल्ट काढा, पॉलिश पेपरने घासून पुन्हा घट्ट करा. कोकणातल्या खाऱ्या हवेत हा दोष आधी पाहावा. उंदरांनी कुरतडलेल्या वायरीही विसरू नका.

श्रोत्यांमधून चिठ्ठी आली आहे, "पावसाळ्यातच आवाज का बसतो?" सायरनचं तोंड वर असेल तर त्यात पाणी साचतं. तोंड खाली वळवा आणि इंजिनच्या गरम भागापासून तो लांब बसवा.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. स्टिअरिंगखालच्या पिवळ्या कनेक्टरना मीटर किंवा टेस्ट लॅम्प लावू नका, ते बहुधा एअरबॅगचे असतात. आणि कंपनीतूनच सायरन बसवून आलेल्या अनेक नव्या गाड्यांत हुकूम डेटा वायरीने जातो. तिथे ही दोन वायरींची चाचणी चालत नाही, स्कॅनरच लावावा लागतो.

दुरुस्ती झाली की खात्री करा. गाडी लॉक करून अर्धा तास थांबा, मग बॉनेट आतून उघडा. ओरडायला हवं तेव्हा ओरडला आणि एरवी गप्प राहिला, तरच काम झालं.